आधी मीटरपेटी बघ, मग ग्राफिक्स कार्ड

गंगाखेड तालुक्यातल्या एका गावातून एका मुलानं विचारलंय: ‘दादा, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गंगाखेडहून रोज रेल्वेनं परभणीला ये-जा करतो. वडिलांनी सोयाबीन विकून ५५ हजार दिलेत, त्यात गेमिंगचा कॉम्प्युटर बसवायचाय. मॉनिटर घरात जुना आहे. ग्राफिक्स कार्डाला वीस हजार बाजूला ठेवलेत. दुकानदार म्हणतो चार जीबीचं जीटीएक्स १६५० घे. मित्र म्हणतो सहा हजारांत आठ जीबीचं जुनं आरएक्स ५८० मिळतंय. व्हिडिओत सांगतात आरटीएक्सशिवाय काही घेऊच नको. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, पुढे सायबरपंक खेळायचाय. काय घेऊ?’

मी परभणीत १७ वर्षं कॉम्प्युटर जोडतोय, म्हणून आधी सरळ सांगतो. वीस हजारांच्या आसपास नवं, पक्क्या बिलाचं आरएक्स ६६०० मिळत असेल तर ते घे. (आरएक्स ही एएमडी कंपनीची कार्डं, जीटीएक्स-आरटीएक्स ही एनव्हिडियाची.) पण एवढंच सांगून थांबलो तर तुझं नुकसान होईल. कार्ड चांगलं घेऊनही दोन महिन्यांत माझ्या टेबलावर आलेली पोरं मी पाहिलीत आणि त्यातल्या बहुतेकांची चूक कार्ड निवडण्यात नव्हती, कार्डाच्या मागेपुढे जे बसवलं त्यात होती.

सुरुवात तुझ्या घरच्या लाईटपासून करू. पाथरीकडच्या एका पोराचं घर डीपीपासून बरंच लांब, शेवटच्या खांबावर. एका रात्री न्यूट्रल तुटला. न्यूट्रल तुटला की २३० व्होल्टच्या जागी घरात ४०० च्या जवळपासही व्होल्टेज शिरू शकतं. गल्लीतले दोन टीव्ही गेले. याच्या कॉम्प्युटरला कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे घरच्या लाईटीतून आतल्या भागांना वीज देणारा डबा, होता. तो जळाला आणि जळताना मदरबोर्ड आणि कार्ड दोन्ही घेऊन गेला. चांगला एसएमपीएस असता तर तोही बहुधा गेला असता, पण एकटा गेला असता, कारण त्यात जास्त व्होल्टेज आणि शॉर्टपासून पुढचं सामान वाचवणारं सर्किट असतं. फुकटच्या डब्यात ते बहुतेक वेळा नसतंच.

म्हणून दुकानात एसएमपीएस हातात घेतलास की बाजूचं स्टिकर वाच. ‘इनपुट’ समोर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो आपल्या कामाचा. २००-२४० लिहिलेलं असेल तर ठेवून दे. गावाकडं संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज १८० च्या खाली उतरतं, हे तुला मी सांगायला नको. अशा वेळी २०० वाला एसएमपीएस ऐन खेळात मशीन रीस्टार्ट करतो आणि पोरगं कार्डाला दोष देत बसतं. ५५० वॅटचा, ८० प्लस ब्रॉन्झ या वीज-बचतीच्या दर्जाचा, नावाजलेल्या कंपनीचा घे आणि त्याच्या पैशात काटकसर करू नको. बारा व्होल्टच्या लाईनवर किती अँपिअर आहेत तेही बघ. ५५० वॅटच्या खऱ्या एसएमपीएसला तिथं ४० च्या वर आकडा असतो. २० च्या आसपास असेल तर बाहेर छापलेले वॅट नुसते रंगवलेले आहेत.

अर्थिंग बघून घे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर तिसऱ्या पिनला खरी अर्थिंग नाही. वायरमनला बोलावून मीठ-कोळसा टाकलेला खड्डा करून घे, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. जमत असेल तर त्याच्याकडूनच मीटरपेटीत ओव्हर-व्होल्टेजला लाईन तोडणारं उपकरण बसवून घे. याला जो खर्च येईल तो तुझ्या कार्डाच्या किमतीपुढं काहीच नाही.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागं एक छोटा खटका असतो, यूपीएस मोड आणि नॉर्मल मोडचा. पंखा आणि बल्ब नॉर्मलवर चालतात, पण लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला तो मोड कॉम्प्युटरला झेपणार नाही इतका वेळ लावतो. खटका यूपीएसवर ठेव. वेगळा यूपीएस घ्यायचा तर ६०० व्हीएचा नको. त्यात ३६० वॅटच असतात आणि त्याची बॅटरी एवढ्या ओझ्याला लवकर म्हातारी होते. मी सांगतोय ती मशीन खेळताना अडीचशे वॅटच्या आसपास ओढेल, त्याला १००० व्हीएच्या पुढचा बरा.

आता कार्ड. दुकानदारानं सांगितलेलं जीटीएक्स १६५० हे एप्रिल २०१९ चं. त्या काळी फार उपयोगाचं होतं, मी स्वतः ढिगानं बसवलंय. ७५ वॅटमध्ये चालायचं, बऱ्याच मॉडेलांना वेगळी पॉवर केबलही लागायची नाही. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ त्यावर आजही छान चालतात. पण चार जीबी मेमरी आता पुरत नाही. गेममधल्या भिंती, कपडे, चेहरे यांची चित्रं त्या मेमरीत राहतात. ती भरली की कार्ड साध्या रॅमकडं हात पसरतं आणि ती वाट फार अरुंद आहे. मग खेळ सेकंदाला सरासरी ५० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवतो, पण वळण घेतलं की अर्धा सेकंद अडकतो. सायबरपंकमध्ये तुला हेच दिसेल. दुसरं, रे ट्रेसिंगचं, म्हणजे उजेड-सावल्या खऱ्यासारख्या काढण्याचं, हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच न होणारे गेम आता यायला लागलेत. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्सचा गेम आणि मे २०२५ चा डूम, दोन्ही तसेच. १६५० मध्ये ते हार्डवेअर नाही. दुकानदार वाईट माणूस नाही, त्याच्याकडं तो माल पडून आहे. पण नव्या मशीनमध्ये ते कार्ड आता टाकू नये.

त्याच दुकानात आरएक्स ६४०० किंवा चार जीबीचं ६५०० एक्सटी दाखवतील. दोन्ही जानेवारी २०२२ ची. खोका नवा दिसतो, भाव हलका असतो. यांची अडचण अशी की मदरबोर्डाशी बोलायला कार्डाला साधारण आठ किंवा सोळा लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, असतात, यांना चारच आहेत. नव्या बोर्डावर चालून जातं. पण जुन्या, पीसीआय ३.० च्या बोर्डावर बसवलं की वेग आणखी निम्मा होतो आणि मेमरी चारच जीबी असल्यामुळं त्याच अरुंद वाटेनं पुन्हा पुन्हा जावं लागतं. शिवाय यात व्हिडिओ रेकॉर्ड करणारं एन्कोडर नाही. खेळ रेकॉर्ड करून टाकायचा झाला तर सगळं ओझं प्रोसेसरवर. ६४०० ला एकच जागा योग्य आहे: ऑफिसातून लिलावात निघालेला बारका डेल किंवा एचपीचा डबा, जिथं अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं.

मित्राच्या आरएक्स ५८० बद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण वर्षभरात सगळ्यात जास्त रडगाणी मी याच कार्डाची ऐकली. एप्रिल २०१७ चं कार्ड. मूळ ५८० मध्ये २३०४ शेडर युनिट, म्हणजे चित्राचा हिशेब करणारे छोटे भाग, असतात. सहा हजारांत ऑनलाइन मिळतं त्यातलं बरंचसं ‘२०४८ एसपी’ असतं. ती चीनच्या बाजारासाठी काढलेली आवृत्ती, आतून जवळपास आरएक्स ५७०, वर नाव ५८०. त्यात यातली पुष्कळ कार्डं क्रिप्टो नाणी कमावण्याच्या मायनिंगमध्ये रात्रंदिवस तापलेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनानं आपली पद्धत बदलली, मायनिंगची कार्डं बेकार झाली आणि तो माल धुऊन-पुसून, नवे पंखे लावून बाजारात आला. जालन्याच्या एका पोरानं असंच कार्ड आणलं होतं. जानेवारीत छान चाललं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी खेळायला बसला की स्क्रीनवर रंगीत चौकोन यायचे. मी चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, मेमरीवरचे पॅड बदलले, त्यानं महिनाभर निघाला. मेमरीची चिपच थकली होती. विकणाऱ्यानं फोन उचलणं सोडलं. त्या पोरानं हॉटेलात काम करून ते पैसे जमवले होते, म्हणून मला ते अजून लागतं.

शिवाय ५८० वर १८५ वॅट जातात आणि आरएक्स ६६०० त्याहून पुष्कळ वेगवान असून १३२ वॅटमध्ये भागवतं. एएमडीनं २०२३ पासून त्या जुन्या पिढीला नव्या गेमसाठीचे नेहमीचे ड्रायव्हर देणं थांबवलंय. एनव्हिडियाच्या बाजूला १०५० टीआय, १०६०, १०७० यांचं तेच झालं. ऑक्टोबर २०२५ नंतर त्यांना फक्त सुरक्षेपुरते अपडेट. जुनं घ्यायचंच असेल तर ओळखीच्या माणसाकडून, त्याच्या घरी मशीन चालू असताना बघून घे. सोबत पेन ड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर घेऊन जा. नाव एक आणि चिप दुसरी असली तर ते बऱ्याचदा पकडतं आणि शेडरचा आकडाही दाखवतं. मग अर्धा तास जड गेम चालव. पाच मिनिटं चालवून उठू नको, खराब मेमरी तापल्यावरच बोलते.

राहिलं व्हिडिओवाल्यांचं आरटीएक्स. तुझ्या बजेटात त्या नावाचं नवं कार्ड म्हणजे आरटीएक्स ३०५०. इथं फार जण फसतात, कारण ३०५० दोन आहेत. जानेवारी २०२२ चं आठ जीबीचं, १३० वॅटचं. फेब्रुवारी २०२४ चं सहा जीबीचं, ७० वॅटचं. नाव तेच, पण दुसऱ्याची मेमरीची वाट १२८ ऐवजी ९६ बिटची आणि कोअरही कमी. तुला दाखवतील ते बहुधा सहावालं. गेममध्ये आरएक्स ६६०० त्याच्या दीडपटीच्या आसपास फ्रेम देतं. डीएलएसएस ही आरटीएक्सची खरीच चांगली गोष्ट आहे. कार्ड चित्र लहान काढतं आणि मोठं करून दाखवतं. पण १०८० च्या स्क्रीनवर ‘क्वालिटी’ ला ठेवलं तरी आत ७२० चं चित्र असतं. दीडपटीचा फरक त्यानं पूर्ण भरून निघत नाही. आणि रे ट्रेसिंग या दर्जाच्या कार्डावर चालू करून खेळण्यासारखं नाही, मग ते कोणत्याही कंपनीचं असो.

तरी दोन वेळा मी स्वतः ३०५० सुचवतो. एक, घरात आधीच चांगला ऑफिस पीसी आहे, त्याचा एसएमपीएस बदलता येत नाही आणि पॉवरची वेगळी केबल नाही. तिथं सहा जीबीवालं नुसतं स्लॉटमध्ये बसतं आणि काम भागतं. दोन, गेमपेक्षा काम मोठं आहे. तू बीसीए करतोयस, म्हणून हे नीट विचारात घे. पुढं पायथॉनमध्ये मशीन लर्निंग करायचं असेल, ब्लेंडरवर थ्रीडी शिकायचं असेल, किंवा लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करून चार पैसे मिळवायचे असतील, तर तिथं एनव्हिडियाच्या कुडाला, म्हणजे कार्डाकडून अशी कामं करून घेणाऱ्या तिच्या सॉफ्टवेअरला, आजही तोड नाही. एएमडीवर ही कामं होतात, पण प्रत्येक पायरीला झगडावं लागतं आणि शिकणाऱ्याचा वेळ त्यातच जातो. अशा वेळी आठ जीबीचं ३०५० शोध. नाहीतर दोन-तीन महिने थांब, पाच-सात हजार जमव आणि जुलै २०२५ मध्ये आलेलं आरटीएक्स ५०५० घे. तेही आठ जीबी, १३० वॅटचं. तसं काम नसेल, निव्वळ खेळायचं असेल, तर ६६०० वरच थांब.

६६०० मध्ये खोट नाही असं नाही. ते ऑक्टोबर २०२१ चं कार्ड आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एएमडीनं ५००० आणि ६००० मालिकेच्या ड्रायव्हरची शाखा वेगळी केली, तेव्हा लोक घाबरले. नव्या गेमसाठी आधार चालू राहील असं कंपनीनं नंतर स्पष्ट केलं, तरी नवे कौतुकाचे फीचर त्याला मिळतील ही आशा धरू नको. आणि साठा संपत आलाय, त्यामुळं एखादा दुकानदार २४-२५ हजार सांगेल. त्या भावाला घेऊ नको. तिथं आणखी थोडे घालून आरटीएक्स ४०६० किंवा इंटेलचं आर्क बी५८० बघावं. बी५८० ला बारा जीबी मेमरी आहे, त्या भावात ती मोठी गोष्ट. पण ते प्रोसेसरवर जास्त अवलंबून राहतं आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, रिसायझेबल बार हा पर्याय चालू नसेल तर फार मंदावतं. जुन्या बोर्डावर ते बसवू नको. १९० वॅटचं आहे, हेही तुझ्या पत्र्याच्या खोलीत लक्षात ठेवायला हवं.

आता एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईचे व्हिडिओवाले सांगत नाहीत कारण त्यांना तिची गरज पडत नाही. सगळे सांगतात, प्रोसेसर ‘एफ’ वाला घे, हजार-दीड हजार वाचतात. एफ म्हणजे आतलं छोटं ग्राफिक्स बंद. कार्ड बिघडलं की त्या मशीनची स्क्रीन काळी. आपल्याकडून कार्ड वॉरंटीला जातं ते पुण्याला नाहीतर हैदराबादला, आणि परत यायला माझ्या अनुभवात तीन आठवडे धरावे लागतात, दिवाळीच्या आसपास त्याहून जास्त. ऐन परीक्षेत, प्रोजेक्ट द्यायचा असताना तुझं मशीन तीन आठवडे आंधळं राहील. म्हणून तुला इंटेलचा आय५-१२४०० घे म्हणतो, एफ नसलेला. साधा एच६१० बोर्डही कार्डाला पीसीआय ४.० देतो, ६६०० च्या आठ लेनला ते भरपूर झालं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढलेत. त्यामुळं हिशेब बसत नसेल तर आय३-१२१०० वर उतर, तोही एफ नसलेला. रॅम मात्र आठ-आठच्या दोन पट्ट्या घे, सोळाची एक नको. दोन पट्ट्यांमुळं प्रोसेसरला दुप्पट रुंद वाट मिळते आणि व्हॅलोरंटसारख्या खेळात ते लगेच जाणवतं. त्याच व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट हे सुरक्षेचे पर्याय चालू लागतात. बायोसमध्ये ते आधीच करून घे.

तुझा जुना मॉनिटर व्हीजीएचा आहे का ते बघून मला कळव. निळ्या टोकाची, पंधरा पिनांची केबल असेल तर तोच. वर सांगितलेल्या नव्या कार्डांना ते भोक सहसा नसतं. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घ्यावा लागेल, आणि केबल कार्डाला लाव, मदरबोर्डाला नको. दर महिन्याला एक तरी पोरगं कार्ड बसवून केबल बोर्डाला लावतं आणि फ्रेम येत नाहीत म्हणून फोन करतं. मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा असेल तर मोठं कार्ड घेऊन दिसायला काही फरक पडणार नाही. तेव्हा सायबरपंक थांबू दे, आधी नुसत्या आय५ वर व्हॅलोरंट खेळ, ते आतल्या ग्राफिक्सवरही सेटिंग खाली ठेवून चालतं. आणि कार्डाच्या पैशातून आधी १०८० चा मॉनिटर घे. कार्ड सहा महिन्यांनी.

उन्हाळ्याचं सांगून ठेवतो. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ च्या पुढं जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. कार्ड खोलीतल्याच हवेनं थंड होतं, हवा ४३ ची असेल तर कार्ड त्याखाली येणारच नाही. ड्रायव्हरमध्ये फ्रेमला मर्यादा घाल. मॉनिटर ७५ हर्ट्झचा असेल तर ७५. उरलेल्या फ्रेम डोळ्याला दिसत नाहीत, नुसतं कार्ड तापतं आणि मीटर पळतं. कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नको. ओलसर हवेत फुफाटा चिखलासारखा चिकटतो आणि आपल्या जड पाण्याचे क्षार पंख्यावर बसतात. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत घरात बारीक भुसा उडतो, तेव्हा महिन्यातून एकदा ब्लोअर मार. मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, मोकळं गरगर फिरू देऊ नको. जिनिंगजवळ राहणाऱ्या एकाच्या कार्डातून मी कापसाची अख्खी वात काढली होती. कार्डात काहीच बिघाड नव्हता, त्याला श्वासच घेता येत नव्हता.

खरेदी परभणीत कर, संभाजीनगरला कर, नाहीतर कोणी सिकंदराबादच्या सीटीसी मार्केटला जात असेल तर तिथून आणव. पण जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घे. अठरा टक्के वाचवायला कच्चं बिल देतो म्हणाले तर नाही म्हण, वॉरंटीच्या वेळी ते कागद काही कामाचं नाही. ऑनलाइन मागवलंस तर खोका फोडताना सील दिसेल असा एकाच झटक्यात व्हिडिओ काढ. आणि दुकानात जाण्याआधी कॅबिनेटमध्ये टेप लावून कार्डाची जागा मिलिमीटरमध्ये मोजून जा. तीन पंख्यांचं कार्ड आणून हार्डडिस्कचा पिंजरा करवतीनं कापायची वेळ येऊ देऊ नको. ६६०० दोन पंख्यांचं पुष्कळ झालं.

आधी संध्याकाळी सात ते नऊ या वेळात मल्टिमीटरनं घरचं व्होल्टेज चार दिवस मोजून लिहून ठेव. तो कागद, मॉनिटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो आणि दुकानदारानं दिलेलं कोटेशन घेऊन ये, रेल्वेनं येतोसच. बसून एकेक ओळ बघू.